एका नंबराची वस्ती

पळसदेव,
शनिवार, दुपार

प्रिय रेश्मा,

फोन सोडून हिला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली, असं तुझ्या मनात आलंच असेल. इतकी वर्षं आपण फोनवरच बोललो, तेही तुझ्या म्हशींच्या धारा उरकल्या की. हॉस्टेल सुटल्यापासून माझं अक्षर तू पाहिलंही नसशील. पण बाई, माझा फोन आता माझा राहिलेला नाही. आत्ता तो ज्वारीच्या कणगीत, दाण्यांच्या आत कोपरापर्यंत हात घालून पुरून ठेवलाय आणि मी ओसरीवर बसून हे लिहितेय. मधूनच कणगीतून घरघर येते आणि मी पेन खाली ठेवते. आठवतं, बारामतीला हॉस्टेलात लाईट गेली की मी न्हाणीघरात एकटी जायची नाही? तू दाराबाहेर उभी राहून एकोणतीसचा पाढा म्हणायचीस आणि मी आतून पुढचा आकडा सांगायची, म्हणजे मी धडधाकट आहे हे तुला कळायचं. भित्री भागुबाई म्हणायचीस मला. तेव्हा कशाला घाबरते ते मला सांगता यायचं नाही. आता अगदी नीट सांगता येतं, आणि त्यानंच जास्त भीती वाटते.

माझ्या लग्नाला आली होतीस तेव्हा आमची वस्ती पाहिलीस. गावापासून लांब, धरणाच्या पाण्याच्या कडेला चाळीसेक घरं. पाणी चढलं की आम्ही मासे धरतो, पाणी हटलं की मागे राहिलेल्या गाळात पेरतो. गाळपेर म्हणतात तिला. सध्या जुन्या देवळाचं शिखर वर दिसायला लागलंय, म्हणजे वस्तीनं बियाणं काढून ठेवायचे दिवस. सासऱ्यांच्या तरुणपणापासून हे असंच चालत आलंय. दर साली अर्ज करायचा, दर साली परवानगी घ्यायची आणि पेरायचं. मालकीचा उतारा कुणाकडेच नाही, कारण ती जागा वर्षातले निम्मे महिने पाण्याखाली असते.

मी सून म्हणून आले तेव्हा वस्तीत पडद्याचा फोन माझा एकटीचा होता आणि रेंज यायची ती आमच्या घरामागच्या टेकाडावर. मग आधारचं शिबिर आलं, रेशनचं आलं, गॅसचं आलं. जो तो येऊन मोबाईल नंबर विचारायचा. लोकांकडे बटणाचे फोन होते, पण रिचार्ज संपलं की जुनं सिम फेकून द्यायचं आणि फुकटात मिळेल ते नवं घालायचं, ही सगळ्यांची खोड. मग कायमचा नंबर कुणाचा, तर माझा. पूर्वी अख्ख्या वस्तीचं टपाल गेणूआबांच्या नावावर यायचं. गेणूआबा म्हणजे आमच्या ह्यांचे चुलते. (घरात मी 'हे' म्हणते, तुझ्यापुढे नागेशच म्हणते.) कुणाचंही पत्र असो, वर 'द्वारा गेणूआबा' लिहायचं की ते बरोबर पोचायचं. तीच रीत लोकांनी नंबराला लावली. नंबर म्हणजे पत्ता, आणि पत्ता सगळ्यांचा एक असला तर बिघडतं कुठं? मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, मला ते मिरवायला आवडायचं. शेजारची धोंडाबाई रेशन दुकानातून पोराला पळवायची, "जा, स्वप्नालीला इचार, आकडा आला का म्हणावं." पोरं मला ओटीपीकाकू म्हणायला लागली होती. चाळीस घरांचे आकडे माझ्या फोनवर यायचे आणि मी ते वाटत फिरायची.

पाण्याच्या कडेनं पर्यटनाचा मोठा प्रकल्प येणार आहे हे तुला मी मागे बोलले होते. बोटी, तंबूंची हॉटेलं, पक्षी बघायला मनोरे. होऊ दे की, माझी काही ना नाही. पण त्यासाठी ड्रोननं मोजणी झाली ती धरण तुडुंब भरलेलं असताना. त्यामुळे नकाशात आमची पेरायची जागा निळी आली. पाण्याच्या जागेवर कुणाचं काय जाणार, म्हणून प्रकल्पानं ती सगळी आपल्याकडे धरली. नागरिकांचा सहभाग पाहिजे म्हणून एक पोर्टल काढलं, घरबसल्या मत नोंदवा म्हणून. तुला सांगते, ते वाचून मला बरं वाटलं होतं. धरणासाठी सासऱ्यांना गाव सोडायला लावलं तेव्हा विचारायला कुणी आलं नव्हतं. आपल्याला निदान विचारतायत, असं वाटलं.

मग एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि फळीवरचा फोन थरथरायला लागला. थांबेचना. सरकत सरकत काठावर आला आणि मी पिठाच्या हातांनी धरला म्हणून वाचला. मजकूर सगळा एकच, फक्त वरचं नाव निराळं. गेणूआबांना, धोंडाबाईला, सावळारामला, घराघराला. आपण प्रकल्पक्षेत्राजवळचे रहिवासी आहात, मुदतीत हरकत न नोंदवल्यास आपली संमती आहे असे समजण्यात येईल. तवा तसाच ठेवून मी घरोघर वाचत फिरले. गेणूआबांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजी आपुन गप बसलो तर व्हय म्हनल्यासारकं? हे कुनी ठरवलं?"

संध्याकाळी सगळे आमच्या अंगणात जमले. मी आधी माझी हरकत भरली, आकडा आला, घातला, झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या बघ. मग धोंडाबाईची भरायला घेतली, तर पोर्टल म्हणतं, या क्रमांकावरून हरकत नोंदवलेली आहे. सावळारामची घेतली, तेच. एका नंबराची एकच हरकत. दुसरे नंबर घालून पाहिले, तर म्हणे तुमच्या आधारला हा नंबर जोडलेला नाही. भिगवणला केंद्रावर गेलो. तिथला मुलगा भला होता, त्यानं नंबर बदलायचे अर्ज घेतले, पण त्याला बोटांचे ठसे लागतात आणि जाळ्याची दोरी ओढून ओढून धोंडाबाईच्या बोटांवर रेषाच राहिलेल्या नाहीत. ती यंत्रावर बोट दाबायची, यंत्र नाही म्हणायचं, ती पदराला पुसून पुन्हा दाबायची. ज्यांचे ठसे उमटले त्यांचे नंबर बदलून यायच्या आत मुदत टळली. मुदत टळल्यावर पोर्टलवर आलं, संमती अमुक इतकी, हरकत एक. वस्तीतली सगळी माणसं न बोलता हो म्हणाली होती, आणि नाही म्हणणारी मी एकटी होते.

तिथून हे सुरू झालं. कारभार पारदर्शक असावा म्हणून पोर्टलवर हरकतदाराचं नाव, गाव आणि मोबाईल नंबर सगळ्यांना दिसतो. कुणीतरी त्याचा फोटो काढून तालुकाभरच्या ग्रुपवर फिरवला, खाली लिहिलं, तालुक्याच्या विकासाच्या आड आलेली बाई. शिव्यांचे फोन यायला लागले. त्याला मी भ्याले नाही. शिव्या देणाऱ्याला मी दोन जास्त देते, ते तुला माहीत आहे. पण एक माणूस शिव्या देत नाही. तो मला ताई म्हणतो. नाव सांगत नाही, नंबर दरवेळी वेगळा असतो, आवाज मात्र तोच, एखाद्या मास्तरासारखा समजुतीचा. पहिल्यांदा त्यानं विचारलं, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील ना? दुसऱ्यांदा म्हणाला, गॅसची टाकी आजच आली वाटतं. मला वाटलं, वस्तीतलंच कुणीतरी चावटपणा करतंय. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "छकुलीचा ताप उतरला का, ताई?"

आदल्या दिवशी माझ्या लेकीला शाळेत लस टोचली होती आणि रात्री ताप आला होता. लसीचा मेसेज माझ्याच फोनवर होता. पण त्याहून वाईट सांगू? शाळेत तिचं नाव छकुली नाही. तिथं तिचं चांगलं बारशाचं नाव आहे. छकुली असं तिला फक्त एका ठिकाणी लिहिलंय, बारशाच्या आधी अंगणवाडीत पहिली नोंद झाली तिथं, कारण तेव्हा नाव ठरलं नव्हतं. म्हणजे हा माणूस माझ्या लेकीच्या पाळण्यापर्यंत मागे जाऊन आलाय. त्या एका नंबराखाली तिचं जन्मल्यापासूनचं सगळं आहे, तिचा रक्तगट, तिची शाळा, तिचं वजन. कुठून कसं त्याच्या हाती लागलं मला कळत नाही, आणि कुणाला विचारायचं तेही कळत नाही. मी फोन हातात धरून तशीच चुलीपुढे बसून राहिले.

फोन बंद करून टाक, असं तू म्हणशील. मी केला होता. त्याच दिवशी धोंडाबाईला दवाखान्यात आकडा पाहिजे होता आणि ती डोळ्याची तपासणी न करता परत आली. फोन बंद केला की वस्ती बंद पडते. पुढच्या आठवड्यात काही घरांचं रेशन अडलं, पडताळणी राहिली म्हणून. दर दोन-चार महिन्यांनी असं होतंच, यंत्रच तसलं आहे. पण या वेळी अडलं तेव्हा त्या माणसाचा फोन आला आणि तो एवढंच म्हणाला, "एका नंबरावर इतकी माणसं अवलंबून असणं बरं नव्हे, ताई." त्यानं ते अडवलं की त्याला फक्त कळलं, हे मला आजही सांगता येत नाही. वस्तीतही आता बायका मला बघून बोलायच्या थांबतात. सावळाराम तोंडावर म्हणाला, "वैनी, आमच्यासाटी केलंत ते खरं, पर आता भोगतोय बी आमीच." त्याचंही काय चुकलं?

परवा दुपारी फोनवर न मागता एक ओटीपी आला. हरकत मागे घेण्यासाठी आपला संकेतांक, सुनावणीपर्यंत वैध. मी काही दाबलं नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी माझी हरकत मागे घ्यायचं बटण दाबलं होतं आणि मध्ये उरले होते ते माझ्या फोनमधले आकडे. लगेच त्याचा फोन. "आलेला आकडा तेवढा वाचून दाखवा ताई, की आपलं नातं संपलं." मी ठेवून दिला. मग एक फोटो आला. शाळेचं फाटक, आणि फाटकातून बाहेर येणारी छकुली, एका वेणीची रिबीन सुटलेली. ती रिबीन मी त्याच सकाळी बांधली होती. फोटोखाली एक अक्षर नव्हतं.

मी चप्पल न घालता शाळेत पळाले. पोरगी खेळत होती. मला बघून लाजली, मैत्रिणींपुढे आई अशी अनवाणी आली म्हणून. पोलिसांकडेही गेले. त्यांनी तक्रार घेतली, नीट बोलले, नंबर लिहून घेतले, तपास करतो म्हणाले. करतीलही. पण तपास होईपर्यंत शाळा रोज भरते आणि फाटक तेच आहे. नागेशला अजून सांगितलेलं नाही. ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर घेऊन ते सोमेश्वरनगरला आहेत, हंगाम संपेपर्यंत तिकडेच. फोनवर सांगावं तर तो फोन कोण ऐकतंय, मला माहीत नाही. कदाचित कुणी ऐकत नसेल. कदाचित मी उगीच प्रत्येक झुडपामागे माणूस बघत असेन. पण ज्वारीच्या कणगीत फोन पुरायची पाळी माझ्यावर आलीय हे तरी खरं ना?

सोमवारी इंदापूरला सुनावणी आहे. बोलावणं फक्त हरकतदाराला आहे, म्हणजे मला. काल गेणूआबांनी लोकांना जमवलं. मला वाटलं, आता हे म्हणणार, पोरी, दे आकडा आणि सुट. मी मनातून त्याचीच वाट बघत होते. त्यांनी तसं म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथं आकडा वाचून दाखवला असता, तुझी शपथ. पण आबा म्हणाले, "नंबर न्हाय तर न्हाय. आमाला पाय तर हायेत? आमी सगळी चालत जाऊन उभं ऱ्हातो. सायबानं डोळ्यानं बघावं, हितं मानूस हाय का पानी हाय." धोंडाबाई म्हणाली, मी बी येती. शेवटी सावळारामही म्हणाला, टेम्पोचं मी बघतो. बोलावणं नसलेल्यांना आत घेतील का, लिहून घेतील का, मला काहीच ठाऊक नाही. एवढं कळतं की मी आकडा सांगितला तर हरकती शून्य होतील, आणि मग या माणसांना कचेरीबाहेरसुद्धा उभं राहायला कारण उरणार नाही. म्हणून सोमवारपर्यंत मी तो सांगणार नाही. मी शूर झालेय असं समजू नकोस. काल शाळा सुटेपर्यंत मी फाटकाशीच बसून होते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. हे पत्र तुझ्या हातात छकुलीनंच दिलं असेल. बाकी काही बोलायच्या आत मावशीला पाकीट दे, असं मी तिला बजावून पाठवणार आहे. उद्या सकाळच्या एसटीनं आबा तिला घेऊन निघतील, भिगवणवरून बारामती आणि तिथून वडगाव निंबाळकर. तू हे वाचत असशील तेव्हा ती तुझ्या ओसरीवर मांडीवर पिशवी घेऊन बसली असेल. तिला यातलं काही माहीत नाही. मावशीच्या म्हशीला रेडकू झालंय, ते बघायला चाललीस, एवढंच सांगितलंय. रेडकू नसलं तर शेजाऱ्यांचं दाखव. आबांना चहा दे आणि थांबवून घेऊ नकोस, सोमवारी ते माझ्याजवळ पाहिजेत. तुझ्या मालकांना सोमेश्वरनगरला पाठव, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या रांगेत नागेश सापडतील, त्यांना सगळं तोंडी सांगू देत. पोरगी झोपेत गोधडी काढून टाकते, एकदा उठून तेवढी पांघर. किती दिवस ठेवायची, मला सांगता येत नाही. तिला तिकडच्या शाळेत बसवू नकोस, नाव घातलं की नंबर मागतील. तिचा फोटो काढू नकोस, कुणाला काढू देऊ नकोस. दवाखान्यात न्यावं लागलंच तर तुझी भाची आहे म्हण आणि दुसरं काहीतरी नाव सांग. ती पोचली असा फोनसुद्धा करू नकोस मला, आबा माघारी आले की मी समजेन. सोमवारी मी साहेबांपुढे उभी राहून भांडणार आहे की वस्तीतल्या एकेका माणसाचं नाव लिहून घ्या, एकही सोडू नका. आणि तुझ्या पाया पडून सांगते रेश्मा, माझ्या पोरीचं नाव कुठंही लिहू देऊ नकोस.

तुझीच,
स्वप्नाली